आधी रोकड, मागाहून कर्ज

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेतील लहान गुंतवणूकदाराची परीक्षा मात्र घर विकत घेतल्यानंतर सुरू होते. दोन, तीन किंवा चार बिऱ्हाडांची जुनी इमारत प्रथम रोखीने घ्यावयाची, तिची डागडुजी करून भाडेकरू ठेवावयाचे, आणि मग तीच इमारत गहाण टाकून गुंतलेल्या पैशांपैकी पुष्कळसे मोकळे करावयाचे, अशी तेथील एक रूढ रीत आहे. मोकळ्या झालेल्या पैशांतून पुढली इमारत येते.

रोखीच्या गिऱ्हाईकाला विकणारा झुकते माप देतो, कारण कर्ज मंजूर होण्याची वाट पाहावी लागत नाही. शिवाय मोडकळीस आलेल्या इमारतीवर पुष्कळ पेढ्या कर्जच देत नाहीत. ती रोखीवाल्याला स्वस्तात मिळते.

गहाणाचे नियम बव्हंशी ‘फॅनी मे’ या १९३८ साली स्थापन झालेल्या संस्थेकडे पाहून ठरतात. ती स्वतः ग्राहकाला कर्ज देत नाही, पेढ्यांनी दिलेली गृहकर्जे विकत घेते. चार बिऱ्हाडांपर्यंतची इमारत तिच्या लेखी घर होय. पाचवे बिऱ्हाड आले की गृहकर्जाची वाट बंद होऊन व्यापारी कर्जाची सुरू होते. मालक स्वतः राहत नसेल, तर दोन ते चार बिऱ्हाडांच्या इमारतीवर अशा रीतीने पैसे काढताना किमतीच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते.

एक हिशेब मांडून पाहू. चार बिऱ्हाडांची इमारत ३ लाख डॉलरला घेतली आणि ४० हजार दुरुस्तीला लागले. पुढे तिचे मूल्य ४ लाख ठरले, तर २ लाख ८० हजारांचे कर्ज मिळेल. मालकाचे अवघे ६० हजार अडकून राहिले. हे पैसे हाती येताच श्रीमंत झाल्याचा भास होतो. परंतु ती मिळकत नव्हे. अमेरिकेत या रकमेवर प्राप्तिकर लागत नाही, तो याच कारणाने. उसने घेतलेले उत्पन्न ठरत नाही.

आता भाड्याकडे वळू. दरमहा ३,६०० डॉलर भाडे आणि कर, विमा, दुरुस्ती यांचा खर्च १,८०० धरला, तर १,८०० उरतात. ३० वर्षांच्या मुदतीने ४ टक्के व्याजाचा हप्ता सुमारे १,३३७ डॉलर पडतो. ४६३ शिल्लक राहतात. दर ७ टक्के असेल, तर हप्ता १,८६३ होतो आणि ६३ डॉलर पदरचे घालावे लागतात. आणि एक बिऱ्हाड रिकामे राहिले, तर ४ टक्क्यांच्या कर्जातही ४३७ डॉलरची खोट येते. कर्ज नसलेल्या मालकाला मात्र त्याच महिन्यात ९०० डॉलर सुटतात. रोखीच्या इमारतीला रिकामी खोली सोसवते. गहाण पडलेलीला सोसवत नाही.

दुसरा धोका मुदतीचा. १९२० नंतरच्या दशकात तेथील घरांवरची कर्जे अल्प मुदतीची असत; मुदत संपली की नवे कर्ज काढून जुने फेडीत. महामंदीत नवे कर्ज मिळेना, आणि हप्ता न चुकविणाऱ्यांचीही घरे गेली. तेव्हा १९३३ आणि १९३४ साली सरकारने पुढाकार घेऊन दीर्घ मुदतीच्या गृहकर्जाचा पाया घातला. पाच किंवा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतींना मात्र आजही बहुधा पाच, सात वा दहा वर्षांच्या मुदतीची कर्जे मिळतात. ३० वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ टक्क्यांवर गेला. व्यापारी कर्जेही त्याच काळात महागली. ज्यांची मुदत नेमकी तेव्हा भरली, त्यांच्या इमारती त्याच होत्या, भाडेकरूही तेच होते. हप्ता तेवढा बदलला.

म्हणून शहाणा मालक पेढीकडे जाण्यापूर्वी दोन आकडे स्वतः मांडतो: दर तीन टक्क्यांनी वाढला तर काय, आणि एक बिऱ्हाड सहा महिने रिकामे राहिले तर काय. पेढी किती देईल, हा प्रश्न त्यानंतरचा. इमारतीला जेवढे झेपेल तेवढेच तो काढतो, आणि उरलेला पैसा भिंतींत निमूटपणे राहू देतो.