परसबागेचा जमाखर्च



विकतची माती, विकतचे खत आणून पिकवलेली मेथी बाजारापेक्षा महाग पडते, हा माझा पहिल्या वर्षीचा अनुभव. बचत साधायची तर बागेला लागणारे सारे घरातूनच निघाले पाहिजे.

हा विचार आपल्या वऱ्हाडातच रुजला. अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी विनाखर्च नैसर्गिक शेतीचा प्रसार केला; २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे एकरी २०० लिटरचे जीवामृत परसातही जमते. २० लिटर पाण्यात १ किलो ताजे शेण, १ लिटर गोमूत्र, गूळ व बेसन प्रत्येकी १०० ग्रॅम आणि चिमूटभर बांधावरची माती कालवावी. दोन दिवस सावलीत ठेवून रोज ढवळावे, आठवड्याच्या आत वापरावे.

खरी कसोटी पाण्याची. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे. ते सतत दिल्यास माती घट्ट होते. म्हणून भाजी-तांदूळ धुतलेले पाणी वाफ्याकडे वळवावे, छपरावरचे पाणी टाकीत धरावे, पालापाचोळ्याने माती झाकावी.

मृगाच्या सरींवर दोडका, चवळी, आंबाडी लावावी. वर्षअखेर वही उघडावी. शिल्लक थोडी दिसेल. परंतु मुलांना भाजीमागचे श्रम आणि पाण्याचे मोल कळलेले असेल.