दाऊद पाशा आणि लाल देऊळ



मागील सणास एका मुलाने मला विचारले, पुण्याच्या लाल देवळाच्या आवारात ज्यांची कबर आहे, ते डेव्हिड ससून बगदाद सोडून मुंबईस का आले? याचे उत्तर बगदादच्या एका वालीच्या चरित्रात आहे. योगायोग असा, की त्याचेही नाव दावीदच. तो दाऊद पाशा.

हा मूळचा जॉर्जियातील ख्रिस्ती घरचा मुलगा. गुलाम म्हणून बगदादेत विकला गेला, मुसलमान झाला, विद्या संपादून धन्याचा जावई झाला आणि १८१७च्या सुमारास उस्मानी सुलतानाच्या नावाने त्या प्रांताचा कारभार पाहू लागला. बगदाद सजविण्याची त्याला मोठी हौस. त्याने बांधविलेली हैदरखाना मशीद आजही रशीद रस्त्यावर उभी आहे. कालवे दुरुस्त केले, कारखाने काढले, युरोपीय धर्तीची फौज उभारली. या साऱ्यास पैसा लागे, आणि तो ज्यांच्या गाठीस होता त्यांत आपले यहुदी सराफ होते.

डेव्हिडचे वडील शेख ससून हे पूर्वीच्या पाशांचे खजिनदार व समाजाचे नासी. दाऊदने मुलास कैद केले. वडिलांनी दंड भरून त्याला सोडविले. पुढे बसरा, बुशहर, आणि १८३२त मुंबई.

तोवर दाऊदचे राज्य संपलेही होते. १८३१त बगदादेत प्लेग आला, पाठोपाठ टायग्रिसचा पूर. हजारो घरे कोसळली. त्याच वर्षी सुलतानाच्या फौजेने शहर घेतले. आश्चर्य हे, की पाशास क्षमा मिळाली. १८५१त तो मदिनेच्या पवित्र मशिदीचा रक्षक म्हणून वारला.

ससूनांचे रुग्णालय, लाल देऊळ, ही पुण्याई आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. परंतु १८३६त मुंबईच्या यहुदी कबरस्तानात बगदादी व बेने इस्राएल यांच्यामध्ये भिंत घालावी, असा अर्ज सरकारकडे गेला. अर्जदारांत डेव्हिड ससून होते. छळापासून पळून आल्यास चारच वर्षे झाली होती! मला हे पचविणे जड जाते. येथे अमेरिकेत आपण दुसऱ्यांच्या सिनेगॉगांत जागा मागून सण करतो, आणि ‘तुम्ही खरेच यहुदी का?’ हा प्रश्न अद्याप ऐकतो, म्हणून अधिकच.

त्या मुलास मी त्या दिवशी पाशाची गोष्ट सांगितली, भिंतीची टाळली. ती आज त्याच्या आईवडिलांसमक्ष सांगितली आहे.