बालेवाडीचं एक विजेतेपद



पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसात सर्वाधिक विजेतेपदं कुणाची? फेडरर किंवा जोकोविच, असं बहुतेक जण म्हणतील. पण १९६८ साली मोठ्या स्पर्धा व्यावसायिक खेळाडूंना खुल्या झाल्या, तेव्हापासूनच्या नोंदीत पहिलं नाव आहे जिमी कॉनर्सचं. त्याची विजेतेपदं १०९. फेडरर १०३ वर थांबला. जोकोविचनं १०१वं जिंकलं ते नोव्हेंबर २०२५ मध्ये, अथेन्सला.

आता याच तिघांची ग्रँड स्लॅम बघा. कॉनर्सची ८, फेडररची २०, जोकोविचची २४. उतरंड बरोबर उलटी! कॉनर्स ऑस्ट्रेलियन स्पर्धा खेळला फक्त दोनदा. फ्रेंच स्पर्धेत तर ऐन उमेदीची पाच वर्षं तो दिसलाच नाही. त्यातल्या पहिल्या वर्षी त्याला बंदीच होती. उलट, बिल रिऑर्डन नावाचा आयोजक अमेरिकेत छपराखालच्या कोर्टांवर लहान स्पर्धा भरवायचा, त्या कॉनर्सनं सुरुवातीला भराभर जिंकल्या. त्याही १०९ मध्ये धरलेल्या आहेत.

आमच्या लामत्याकडच्या, बालाघाट-गोंदियाकडच्या माणसाला लहानमोठ्या स्पर्धांची ही सारखी मोजणी काही पटायची नाही. जोडी कुठल्या गावच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पहिली आली, हे विचारल्याशिवाय इथं कुणी बैलांची तारीफ करत नाही. टेनिसच्या वहीत मात्र विम्बल्डनही एक आणि पुण्याची बालेवाडीही एकच. फरक पडतो तो क्रमवारीच्या गुणांत. ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्याला २०००, मास्टर्सला १०००, मग ५००, आणि मुख्य दौऱ्यात शेवटी २५०. बालेवाडीची स्पर्धा या शेवटच्या पायरीवरची होती.

ती मूळची पुण्याची नव्हेच. १९९६ साली दिल्लीत झाली, पुढच्या वर्षी चेन्नईला गेली आणि तिथं २०१७ पर्यंत राहिली. २०१८ ला ती पुण्यात बालेवाडीला येऊन ‘महाराष्ट्र ओपन’ झाली. २०२३ नंतर तीही गेली; तिचा जानेवारीतला आठवडा आता हाँगकाँगकडे आहे. स्पर्धा अशा गाव बदलतात. खेळाडूच्या नावावरचं विजेतेपद तेवढं जागच्या जागी राहतं.

पण पुण्यानं पाच स्पर्धांत काय काय पाहिलं! २०१९ चा अंतिम सामना घ्या. एकीकडे केव्हिन अँडरसन, दुसरीकडे चाळिशीला टेकलेला इव्हो कार्लोविच. दोघेही साडेसहा फुटांच्या वर. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले. अँडरसन जिंकला, पण १९७७ मधल्या केन रोझवॉलनंतर इतक्या वयाचा माणूस अंतिम फेरीत पोचला नव्हता.

दुहेरीत रोहन बोपण्णा इथं दोनदा जिंकला, २०१९ ला दिविज शरणबरोबर आणि २०२२ ला रामकुमार रामनाथनबरोबर. एकेरीत मात्र आपली पाटी कोरी. १९९८ साली न्यूपोर्टला लिअँडर पेस जिंकला, त्यानंतर मुख्य दौऱ्यावर एकेरीचं विजेतेपद एकाही भारतीयाला मिळालेलं नाही.

२०२३ चा विजेता टॅलन ग्रीक्सपूर मला सर्वांत लक्षात राहिला. चॅलेंजर म्हणजे मुख्य दौऱ्याच्या खालची पायरी. तिथं या डच खेळाडूनं २०२१ या एकाच वर्षात आठ स्पर्धा जिंकल्या. तो विक्रम ठरला! तरी कॉनर्स-फेडररच्या यादीच्या हिशेबानं त्याच्या खात्यात शून्य. बालेवाडीत बेंजामिन बोंझीविरुद्ध पहिला सेट गमावून तो जिंकला, तेव्हा कुठे त्या खात्यात एक जमा झालं. माझ्या मते, चॅलेंजर न मोजणारी ही पद्धत कोती आहे. पोटापाण्यासाठी खेळणारे कितीतरी टेनिसपटू तिथंच तर असतात.

पुण्यातही आता चॅलेंजरच होते, त्याच बालेवाडीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती जिंकली मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशरोनं. ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच खेळाडू शांघायच्या मास्टर्स स्पर्धेत पात्रता फेरीतून आत शिरला. क्रमांक २०४. उपांत्य फेरीत त्यानं जोकोविचला हरवलं, अंतिम फेरीत आर्थर रिंडरक्नेशला, म्हणजे स्वतःच्याच नात्यातल्या भावाला. इतक्या खालच्या क्रमांकाच्या खेळाडूनं मास्टर्स स्पर्धा त्याआधी कधी जिंकली नव्हती. अधिकृत नोंदीत ते त्याचं पहिलं विजेतेपद. बालेवाडीचं त्यात नाही.