पुढचा भाग कधी येणार?

'मी प्रेमाच्या कादंबऱ्या वाचतो', असं चारचौघांत सांगणारा माणूस आपल्याकडे विरळाच. पाहुण्यांसमोर आपण 'मृत्युंजय'चं नाव घेतो, फार तर पु. लं.चं. पण वाचनालयाच्या कपाटातली कोणती पुस्तकं सर्वांत जास्त फाटलेली असत, हे एखाद्या जुन्या ग्रंथपालाला विचारून पाहा. तो जरा हसेल आणि प्रेमकथांच्या कपाटाकडे बोट दाखवील.

मी स्वतः कवी आहे. मराठीत कवितेचं पुस्तक बहुधा कवीच्याच पदरमोडीतून निघतं. त्यामुळे आज ज्याला सेल्फ-पब्लिशिंग म्हणतात, ते आम्हा कवींना नवं नाही. प्रेमकथा लिहिणाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्या दारात प्रकाशक यायचे, आगाऊ पैसे ठेवून जायचे. गेल्या दहा-बारा वर्षांत हे चित्र पार बदललं. ते कसं बदललं आणि त्यात कोणाच्या हाती काय लागलं, याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

मराठी प्रेमकादंबरीला तंत्र दिलं ते ना. सी. फडक्यांनी. 'जादूगार', 'दौलत', 'अटकेपार' या त्यांच्या कादंबऱ्या १९३०च्या आगेमागे आल्या आणि कॉलेजातला तरुण, टेनिसचं मैदान, गैरसमज आणि शेवटी मीलन असा एक साचाच तयार झाला. पुढे कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर, शकुंतला गोगटे, शैलजा राजे, डॉ. सुमती क्षेत्रमाडे, स्नेहलता दसनूरकर या लेखिका आल्या. समीक्षकांनी त्यांच्याकडे फारसं पाहिलं नाही. पण दुपारची भांडी आवरून वाचनालयाची पिशवी उचलणाऱ्या हजारो बायकांनी त्यांना घरातलं माणूस मानलं.

इथं एक हिशेब लक्षात घ्यायला हवा. या कादंबऱ्यांचं खरं गिऱ्हाईक वाचक नव्हतं, वाचनालय होतं. मराठीत आवृत्ती म्हणजे हजार-अकराशे प्रती, हा जुना दंडक. १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला, अ-ब-क-ड वर्ग ठरले, अनुदान सुरू झालं. गावोगावची वाचनालयं आणि गल्लीतल्या खासगी लायब्रऱ्या मिळून आवृत्ती उचलू लागल्या. म्हणून पुठ्ठ्याची बांधणी, दोन-तीन दिवसांत वाचून परत करता येतील एवढीच पानं आणि दुरून ओळखू येणारं मुखपृष्ठ. साहित्याचा आकार साहित्यिक ठरवतो, असं आपण समजतो. निम्मा तरी तो विक्रीची वाट ठरवत असते.

आणि हे काही आपल्याकडेच घडलं असं नाही. इंग्रजी प्रेमकथांसाठी जगभर नाव झालेली 'मिल्स अँड बून' ही कंपनी १९०८ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली, तेव्हा ती सगळ्याच प्रकारची पुस्तकं काढत असे. १९३०च्या दशकात भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांची मागणी पाहून तिनं आपला सगळा भार प्रेमकथेवर टाकला. ती वाचनालयं आटली तेव्हा कंपनी कागदी बांधणीच्या स्वस्त पुस्तकांकडे वळली. १९७१ मध्ये कॅनडाच्या 'हार्लेक्विन'नं ती घेतली, २००८ मध्ये तिनं भारतात बस्तान मांडलं आणि २०१४ मध्ये हार्लेक्विनच 'हार्परकॉलिन्स'कडे गेली. मधल्या काळात, २०१० साली, हार्लेक्विननं 'कारिना प्रेस' नावाची शाखा काढली. तिथं पुस्तक आधी डिजिटल निघायचं. वाट बदलली की माल बदलायचा, हे त्या धंद्याचं जुनं शहाणपण.

मराठीत या धंद्यानं कोर्टाची पायरीही चढून पाहिली आहे. चंद्रकांत काकोडकर हे अफाट खपाचे लेखक. १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या 'शामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयानं दोषी धरलं, पण १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांची सुटका केली. कथेत स्त्री-पुरुष संबंधांचा नुसता उल्लेख आला म्हणून ती अश्लील ठरत नाही, ती समग्र वाचून पाहावी लागते, असा त्या निकालाचा आशय. गंमत अशी, की त्याच १९६९ मध्ये त्यांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरून राज खोसलांचा 'दो रास्ते' हा चित्रपट आला आणि देशभर गाजला.

मग घरात दूरदर्शन आला, केबल आली. दुपारची कादंबरी मालिकेनं खाल्ली. गल्लीतल्या लायब्रऱ्या एकेक करून मिटल्या. कुठं झेरॉक्सचं दुकान झालं, कुठं मोबाइल रिचार्जचं. प्रेमकथेचा प्रकाशक अडचणीत आला तो इथं, इंटरनेट येण्याच्याही आधी. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' १९८२ ची. लेखक २००३ मध्ये गेले. २०१३ मध्ये चित्रपट आला आणि नव्या पिढीनं ते पुस्तक पुन्हा उचललं. पण अशी लॉटरी प्रत्येक पुस्तकाला थोडीच लागते!

डिजिटल व्हायचं म्हणजे काय, हे प्रकाशकांना कळलं ते एका भलत्याच ठिकाणी, टंकात. जुनी पुस्तकं खिळे जुळवून छापलेली. त्यांची संगणकावर प्रतच नव्हती. नंतरची पुस्तकं 'श्रीलिपी'सारख्या टंकात बसवलेली. ती कागदावर सुरेख दिसत, पण युनिकोडमध्ये नेली की वेलांट्या सरकत, जोडाक्षरं फुटत, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसे. म्हणजे प्रत्येक पुस्तकाची मुद्रितं पुन्हा तपासणं आलं. ज्यांनी तो खर्च केला त्यांची जुनी पुस्तकं फोनवर आली. ज्यांना तो झेपला नाही त्यांची माळ्यावर राहिली.

रस्ता मोकळा झाला तो २०१६ च्या सुमारास. त्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. डिसेंबरमध्ये ॲमेझॉननं किंडलवर हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळमबरोबर मराठी पुस्तकंही आणली. पुण्याची 'बुकगंगा' आधीपासून मराठी ई-पुस्तकं विकत होतीच. २०१७ मध्ये 'स्टोरीटेल' आलं आणि कथा कानानं ऐकायची सोय झाली. पोळ्या लाटता लाटता कादंबरी ऐकता येऊ लागली. त्याच वर्षी गुगलनं मराठीत बोलून टाइप करण्याची सोय दिली. कीबोर्डची भीती गेली.

पण प्रेमकथेचं नवं घर वेगळंच ठरलं. २०१४ मध्ये बंगळूरला सुरू झालेलं 'प्रतिलिपी' हे त्याचं ठळक उदाहरण. तिथं कोणीही लिहावं, आपल्या भाषेत लिहावं, भागाभागांनी लिहावं. वाचक प्रत्येक भागाखाली लिहितात: 'पुढचा भाग कधी येणार?' हे आपल्याला नवं वाटतं, पण हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून क्रमशःच दिली. तेव्हा वाचक आठवडाभर थांबत होता. आता दुसऱ्या दिवसापर्यंतही त्याला धीर निघत नाही, एवढाच फरक.

कागदाचे प्रकाशक यातून काय शिकले? काहींनी ऑडिओचे हक्क दिले, काहींनी ई-पुस्तकं केली. उलटा प्रवासही झाला. २०२२ मध्ये ॲमेझॉननं 'वेस्टलँड' ही इंग्रजी प्रकाशन संस्था बंद केली, तेव्हा तिच्या संपादकांना सोबत घेऊन ती पुन्हा उभी केली ती प्रतिलिपीनं. म्हणजे फोनवरच्यांना छापील पुस्तकाची प्रतिष्ठा हवी आहे आणि छापणाऱ्यांना फोनवरचा वाचक. लेखकाची पारख करण्याची रीतही बदलली. पूर्वी संपादक हस्तलिखित वाचून अंदाज बांधायचा. आता किती जणांनी कितव्या भागापर्यंत वाचलं, याचा आकडाच समोर असतो.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की कालची वाचक आज लेखिका झाली. आमच्या सोलापुरात हे विशेष जाणवतं. इथं एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच वेळी ऐकू येते. चादरीचे माग, विडीचे कारखाने, शिवणाच्या मशिनी यांवर हे शहर जगलं. पण वाचनालयाच्या कपाटातली नायिका बहुधा पुण्या-मुंबईच्या बंगल्यात राहायची. माझ्या मोहल्ल्यातली मुलगी मला तिथं क्वचितच भेटली. भेटली तरी ती नवाबाची मुलगी असायची, गजरे आणि शेरोशायरीसकट. १९९० मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरलं, ते यासाठीच, की आम्हीही मराठीतच जगतो, मराठीतच लिहितो, हे सांगावं. त्यातून कविता आली, आत्मकथनं आली. प्रेमकथा मात्र फारशी आली नाही, कारण ती छापणाऱ्याला तिचा बाजार दिसत नव्हता.

आता फोनवर ती येते आहे. माझ्या ओळखीच्या एक भाभी दिवसभर ब्लाउज शिवतात आणि रात्री कथेचा एक भाग चढवतात. त्यांच्या नायिकेचं नाव शबाना आहे, ती सिटी बसनं कामाला जाते, आईशी दखनीत भांडते आणि डायरी मराठीत लिहिते. वाचणाऱ्या बायका नांदेडच्या, साताऱ्याच्या, नाशिकच्या. शबानाला तिच्या पसंतीचा नवरा मिळावा म्हणून त्या जीव टाकतात. हे काम आमच्या परिसंवादांना इतक्या सहज जमलं नव्हतं.

म्हणून सगळं गोड आहे असं नाही. आकड्यांच्या मागं लागलं की साचा परत येतो. फडक्यांच्या कॉलेजकुमाराच्या जागी आता करोडपती मालक आलाय आणि मनाविरुद्ध लावलेल्या लग्नातून प्रेम फुलतं. जबरदस्तीला प्रेम म्हणणारी कथाही खपते, ही काळजीची गोष्ट. हात धरून 'हे जरा पुन्हा लिहा' म्हणणारा संपादक तिथं सहसा नसतो.

दुसरी काळजी हक्काची. त्या भाभी एकदा फोन घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाईजान, स्पर्धेला गोष्ट द्यायचीय, अटी वाचून सांगा." अटी इंग्रजीत, पानंच्या पानं. माझं बी.ए. त्यापुढं अपुरं पडलं. शेवटी आम्ही एका वकील मित्राला गाठलं. त्यानं सांगितलेलं तुम्हालाही सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार लेखी आणि सही केलेल्या कराराशिवाय हक्क दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. ज्यानं हक्क घेतले त्यानं वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही म्हटलेलं नसल्यास ते परत येतात. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्यामागं साठ वर्षं हे हक्क टिकतात. म्हणजे शबानाची गोष्ट ही नातवंडांपर्यंत जाणारी मिळकत आहे. किंडलवरही भारतात सत्तर टक्के मानधन हवं असेल, तर एका योजनेत नाव द्यावं लागतं आणि नव्वद दिवस ते पुस्तक डिजिटल रूपात दुसरीकडे देता येत नाही. 'मान्य आहे' या बटणावर बोट ठेवण्याआधी एवढं तरी विचारावं: काय देतोय, किती काळासाठी, आणि ऑडिओचे, सिनेमाचे हक्क कोणाकडे राहणार?

तिसरी गोष्ट जपणुकीची. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या संस्थांत पिढ्यांपूर्वीची पुस्तकं आजही हातात घेता येतात. ॲप बंद पडलं तर त्यातल्या कथांचं काय? म्हणून माझं लेखिकांना सांगणं आहे, की प्रत्येक भागाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. प्रकाशकांना विनंती अशी, की आकडे पाहाच, पण तुमच्याकडे जी एक जुनी विद्या आहे, संपादनाची, ती घेऊन या मुलींकडे जा. आणि वाचनालयांना सांगणं, की आपल्या गावच्या या लेखिकांना एखाद्या संध्याकाळी बोलवा, त्यांच्या कथा छापून बांधून कपाटात ठेवा. शबानाची गोष्ट त्या कपाटात फडक्यांच्या शेजारी उभी राहिली, तर कपाटाचं काही बिघडणार नाही. उलट ते आपल्या गावचं होईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)