वॉलमनची चावी आणि गावाचा जमाखर्च

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



नगरपरिषदेच्या लेखा विभागात माझी एकतीस वर्षं गेली. या सगळ्या काळात फेब्रुवारी संपत आला की वर्तमानपत्रात एक बातमी मी दरवर्षी वाचत आलो : अमुक नगरपरिषदेचं शिलकी अंदाजपत्रक सादर, करवाढ नाही. लोक ती बातमी वाचून समाधानाने पान उलटतात. कर वाढला नाही, वर शिल्लकही आहे, म्हणजे गावाचं बरं चाललंय. मला मात्र त्या दिवशी चैन पडायचं नाही, कारण ती शिल्लक कशी पडते हे मला ठाऊक असायचं. आज ते अंदाजपत्रक मी तुमच्यासमोर उघडणार आहे. ते वाचता येणं अजिबात अवघड नाही. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या कोणत्याही बाईला ते अर्ध्या तासात समजेल.

आधी थोडं कायद्याविषयी. आपल्या महाराष्ट्र राज्यातल्या नगरपरिषदा १९६५च्या अधिनियमाखाली चालतात. वस्ती एक लाखाच्या वर असली तर ‘अ’ वर्ग, चाळीस हजार ते एक लाख असली तर ‘ब’ वर्ग, त्याखाली ‘क’ वर्ग. दिवाबत्ती, पाणी, रस्ते झाडणं, गटारं, आग विझवणं, जन्ममृत्यूची नोंद ही बंधनकारक कामं. बागा, नाट्यगृहं वगैरे ऐच्छिक. १ जून १९९३ पासून चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय लिहिले गेले. कामं अशी घटनेत लिहिली गेली. पैसे आणि माणसं मात्र त्या प्रमाणात मिळाली नाहीत, आणि आपली सगळी अडचण तिथेच आहे.

आता अंदाजपत्रक. प्रत्येक पानावर साधारण चार रकाने असतात : मागच्या वर्षी प्रत्यक्ष काय झालं, चालू वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातमी छापली जाते ती शेवटच्या रकान्याची. तुम्ही पहिल्या रकान्यापासून वाचा. मागच्या वर्षी घरपट्टी प्रत्यक्षात किती वसूल झाली आणि पुढच्या वर्षी किती धरली आहे? दोन्हींत दुपटीचा फरक असेल आणि वसुलीसाठी नवी माणसं, नवी मोहीम कुठेच दिसत नसेल, तर ती जमा कागदावरची आहे. थकबाकीची सगळी मागणी ‘येणार’ म्हणून जमेला धरली की अंदाजपत्रक आपोआप शिलकी होतं.

दुसरी जागा आरंभीच्या शिलकेची. बँकेत पैसे दिसतात हे खरं. पण त्यातला मोठा भाग योजनांच्या बंधित अनुदानाचा असतो. पाण्याच्या टाकीसाठी आलेला पैसा दिवाबत्तीच्या बिलाला लावता येत नाही. लग्नासाठी भावाने ठेवायला दिलेले पैसे आपल्या खात्यात असले म्हणून आपण श्रीमंत होत नाही, तसंच हे. ज्या वर्षी आमची शिल्लक सर्वांत मोठी दिसत होती, त्याच वर्षी निवृत्त कर्मचाऱ्यांची देणी सर्वांत जास्त थकली होती. तो ताळेबंद मी स्वतःच्या हाताने लिहिला होता, म्हणून हे सांगतो.

ही अवस्था का आली, हे समजायला १९९९ सालाकडे जावं लागतं. त्या साली नगरपरिषदांची जकात रद्द झाली. नाक्यावरच्या दांडगाईचा व्यापाऱ्यांना त्रास होता, लांबच लांब रांगा लागत, त्यामुळे जकात गेल्याचं दुःख करण्याचं कारण नाही. पण रोज संध्याकाळी तिजोरीत पडणारा गावाचा स्वतःचा पैसाही तिच्याबरोबर गेला. बदल्यात राज्याकडून सहायक अनुदान सुरू झालं आणि कर्मचाऱ्यांचे पगार मुख्यतः त्यावर अवलंबून राहिले. अनुदान उशिरा आलं की पगार उशिरा. गावाच्या झाडूवाल्याच्या घरी सण कधी होणार, हे मंत्रालयातल्या फायलीवर ठरू लागलं.

केंद्राचा पैसा वित्त आयोगामार्फत येतो. २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी पंधराव्या वित्त आयोगाने लहान शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिला. उरलेला भाग मोकळा. पण तोही पगारावर आणि आस्थापनेवर खर्च करता येत नव्हता. म्हणजे अनुदानातून टाकी बांधता येते, पाइप टाकता येतो, घंटागाडी घेता येते. टाकीचा व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस, घंटागाडीचा चालक आणि तिचं डिझेल यांचा भार पुन्हा गावाच्या स्वतःच्या उत्पन्नावर आणि सहायक अनुदानावर. बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. माझ्या सगळ्या नोकरीचं सार या एका वाक्यात आहे.

हे जवळून कसं दिसतं ते सांगतो. आमच्याकडे एक वॉलमन होते. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं. पहाटे चारला सायकलच्या दांडीला लोखंडी चावी बांधून निघायचे. चावी म्हणजे कमरेएवढी उंच, वरती आडवी मूठ. चेंबरचं झाकण सरकवायचं, गाळात हात घालून व्हॉल्व्हचं डोकं मोकळं करायचं, चावी बसवायची आणि आटे मोजत फिरवायची. एकदा एका तक्रारीच्या चौकशीसाठी मी त्यांच्याबरोबर गेलो. ते म्हणाले, “साहेब, वरच्या आळीचा पूर्ण खोलायचा, खालच्या आळीचा साडेचार आटे. पाचवा आटा फिरवला की सगळं पाणी उताराला पळतं आणि वरच्या आळीत नळातनं नुसती हवा येते.” मग चावीच्या मुठीला कान लावून उभे राहिले. पाइपातून पाणी कसं धावतंय, ते त्यांना लोखंडातून ऐकू यायचं.

तात्या निवृत्त झाले. त्यांची जागा भरली गेली नाही. का भरली नाही, तेही ऐका. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांच्या आत ठेवावा, असं शासनाचं बंधन आहे. बंधनाचा हेतू चांगला आहे; नाहीतर सगळा पैसा पगारात जाईल. पण गावाचं उत्पन्नच तोकडं असलं की आहे तेवढ्या माणसांचा पगारही त्या मर्यादेपलीकडे जातो. मग आकृतिबंधात पद मंजूर असूनही भरती होत नाही. भरती नाही म्हणून कर विभागात लिपिक नाहीत. लिपिक नाहीत म्हणून बिलं एप्रिलऐवजी डिसेंबरात वाटली जातात. वसुली मार्चमध्ये धावपळीत, अर्धीमुर्धी. म्हणून उत्पन्न तोकडं. म्हणून पुन्हा भरती नाही. या चक्रात एक गाव नाही, अनेक गावं सापडली आहेत.

तात्यांच्या जागी ठेकेदाराने नेमलेला एक मुलगा आला. मुलगा कष्टाळू होता, पण त्याला चावी मिळाली, आटे मिळाले नाहीत. ते तात्यांच्या डोक्यात होते. तीन महिने वरची आळी कोरडी राहिली. बायका हंडे घेऊन कार्यालयात आल्या. सभेत चर्चा झाली आणि नव्या उंच टाकीचा प्रस्ताव तयार करायचं ठरलं. अखेर पाणीपुरवठ्याच्या फिटरने तात्यांना घरी जाऊन विनंती केली. तात्या दहा दिवस पहाटे त्या मुलाबरोबर फिरले. प्रत्येक व्हॉल्व्ह कुठे, किती आटे, किती वेळ, हे सगळं एका शंभर पानी वहीत उतरवलं गेलं. अकराव्या दिवशी वरच्या आळीला पाणी आलं. टाकीचा प्रस्ताव कोट्यवधींचा होता आणि वही वीस रुपयांची. मी त्या दिवशी शिकलो की सेवा म्हणजे आधी माणूस आणि त्याचं ज्ञान, आणि मग लोखंड आणि सिमेंट.

पाण्याचा हिशेब तर कुणालाही करता येण्यासारखा आहे. भुयारी गटार नसलेल्या गावासाठी माणशी दिवसाला ७० लिटर आणि भुयारी गटार असलेल्या गावासाठी १३५ लिटर हे आपल्या देशात वर्षानुवर्षं धरलं गेलेलं प्रमाण. गावाची वस्ती पन्नास हजार धरा. ७० लिटरने रोजचं पाणी होतं ३५ लाख लिटर. तुमच्या टाक्यांत रोज किती पाणी चढतं, हा आकडा पाणीपुरवठा विभागाकडे असतो. ३५ लाखांहून जास्त पाणी चढत असेल आणि तरीही दोन दिवसांआड नळ येत असेल, तर पाणी धरणात कमी नाही, रस्त्याखाली मुरतं आहे किंवा वाटणीत बिघाड आहे. अशा वेळी नव्या योजनेची मागणी करण्याआधी गळती शोधणारा फिटर मागा.

लहान गावांना हे जमत नाही, असं कुणी म्हणत असेल तर मी सातारा जिल्ह्यातल्या मलकापूरकडे बोट दाखवतो. कराडला लागून असलेल्या या लहानशा गावाने पंधरा वर्षांपूर्वीच चोवीस तास मीटरने पाणी द्यायला सुरुवात केली. कमी वापराला कमी दर, वापर वाढेल तसा चढा दर. नळ चोवीस तास चालू राहिला की लोक पाणी भरून ठेवत नाहीत आणि शिळं म्हणून ओतूनही देत नाहीत. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याने कचऱ्याच्या बाबतीत असंच करून दाखवलं. घरातच वर्गीकरण, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, प्लॅस्टिकचा रस्त्याच्या डांबरात वापर. लोक कचरा डेपो पाहायला येऊ लागले. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत २०२० साली कराड, सासवड, लोणावळा आणि २०२१ साली विटा, लोणावळा, सासवड असे देशातले पहिले तिन्ही क्रमांक आपल्याच राज्यात आले. या गावांवर आकाशातून पैसा पडला नव्हता. तिथे रोज पहाटे तेच काम तितक्याच नेमाने झालं.

नगरपालिकेचा खर्च कुणासाठी, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्च करण्याचा विषय आला, तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर लागावा असं त्यांचं म्हणणं होतं. आणि महाड आठवा. १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. तो तीन वर्षं दप्तरात राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी ओंजळीने पाणी घेतलं तेव्हा त्या ठरावात प्राण आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला आणि न्यायालयातली लढाई १९३७ पर्यंत चालली. दप्तरातल्या ओळीचं पाणी होण्यासाठी लोकांना तळ्यापर्यंत चालत जावं लागतं, हे महाडने आपल्याला शिकवलं आहे. आजही कोणत्या वस्तीला नळ शेवटी जातो आणि कोणत्या गल्लीत झाडू पोचत नाही, हे अंदाजपत्रक वाचताना विचारलंच पाहिजे. दुर्बल घटक, महिला-बालकल्याण आणि दिव्यांग यांच्यासाठी राखून ठेवलेली रक्कम मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाली, हेही पहिल्याच रकान्यात दिसतं.

आता आपल्या बाजूचं. घरपट्टी हा गावाचा हक्काचा पैसा आहे. वर्षाला दोन हजार घरपट्टी असलेलं घर दिवसाला साडेपाच रुपये देतं. त्यात दिवा, झाडू, गटार, बंब सगळं आलं. दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायला हवी. पण निवडणूक जवळ आली की ती पुढे ढकलली जाते. मग जुन्या वाड्यातली म्हातारी जुन्या दराने प्रामाणिकपणे भरते आणि शेजारच्या चार मजली इमारतीचे वरचे दोन मजले आकारणीत नसतातच. करवाढ नाही या बातमीचा खरा लाभ त्या दोन मजल्यांना होतो. कर वाढवा असं मी म्हणत नाही. आधी सगळ्यांकडून सारखा घ्या, असं म्हणतो. तेवढं झालं तरी अनेक नगरपरिषदांत चार वॉलमन आणि चार लिपिक भरता येतील, आणि ते चक्र उलटं फिरू लागेल.

अनेक नगरपरिषदांवर तीन-चार वर्षं प्रशासक होते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि सभागृहात पुन्हा आपली माणसं आली. त्यांच्याकडे रस्ता मागा, पण त्याआधी तीन गोष्टी विचारा. मागच्या वर्षी घरपट्टीची मागणी किती आणि वसुली किती? मंजूर पदांपैकी रिकामी किती, आणि त्यांतली पाणी, सफाई आणि वसुलीची किती? आणि आधी बांधलेल्या गोष्टींच्या देखभालीवर किती खर्च झाला? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अंदाजपत्रक नगरपरिषदेने स्वतःहून प्रसिद्ध करायचं असतं. ते मागणं म्हणजे कुणावर संशय घेणं नव्हे. मी त्या टेबलामागे एकतीस वर्षं बसलो आहे. हिशेब विचारणारा माणूस समोर आला की आमचीही लेखणी जास्त जपून चालायची.

नव्या वर्षाचं घरपट्टीचं बिल लवकरच तुमच्या हाती येईल. ते वेळेवर भरा. आणि पावती खिशात घालून लगेच माघारी फिरू नका. त्याच खिडकीवर अंदाजपत्रकाची प्रत मागा आणि बाहेरच्या बाकावर बसून पहिला रकाना वाचायला घ्या.