कुऱ्हाडीचे पाणी
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने निबंधात एकदा तरी वापरली असेल. तो दांडा ज्या पात्यात बसतो, ते पाते पारखण्याची विद्या मात्र पाठ्यपुस्तकात आली नाही. ती लोहाराच्या पालावरच राहिली.

बेंगळुरूचे शिवाजीनगर जसे १९२७ साली उभारलेल्या रसेल मार्केटसाठी, तसेच मोटारींच्या जुन्या सुट्या भागांसाठीही ओळखले जाते. अशा भंगारातील मालमोटारीचा कमानपाटा ही आजच्या हातघडणीच्या कित्येक कुऱ्हाडींची जननी होय. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पाल ठोकून फिरणारे घिसाडी हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. पुरुष सांडशीत तापलेले लोखंड धरतो. घण बहुधा घरातील स्त्री घालते. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला तिचे खांदे क्वचितच दिसतात.

पाट्याचे पोलाद उत्तम असते, परंतु ते वर्षानुवर्षे ओझ्याखाली लवलेले असते. त्यात केसाएवढी चीर दडलेली असू शकते. शिवाय हे पोलाद तेलात विझवण्याच्या जातीचे. घाईने थंड पाण्यात बुडवले तर नवी चीर पडते. अशी कुऱ्हाड लाकडावर बसते तेव्हा तिचा तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. म्हणून चकचकीत पात्याला भुलू नये. झिलई चीर झाकते. पाते दोरीला टांगून हलकेच ठोकावे: स्वच्छ, लांबणारा नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर संशय घ्यावा. मग रॉकेल लावून पुसावे आणि त्यावर खडू घासावा. चिरेत मुरलेले रॉकेल पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटवते. फळ्यावरच्या खडूचा हा उपयोग कोणत्या गुरुजींनी सांगितला असेल?

खरी परीक्षा पाण्याची. धार कठीण हवी, पण दांडा बसतो ते नेढे आणि मागचा माथा चिवट हवा. सर्वांगी कठीण कुऱ्हाड नेढ्याशी फुटते. जाणता लोहार केवळ धारेकडील भाग विझवतो, तो घासून उजळ करतो आणि मागे उरलेली उष्णता पुढे सरकताना पाहतो. गवती पिवळा, तपकिरी, जांभळा, शेवटी निळा असे रंग धारेकडे येतात. तपकिरी-जांभळ्यावर तो पाते पुन्हा विझवतो. निळा रंग धारेपर्यंत पोहोचू दिला तर धार मऊ राहते. विकत घेणाऱ्याने कानस फिरवावी: ती नुसती घसरली तर धार ठिसूळ, लोण्यासारखी रुतली तर पाणी उतरलेले, अडखळत, थोडे थोडे कापत गेली तर पाणी योग्य.

नेढ्यातून एका डोळ्याने पाहिले असता धारेची रेघ मधोमध यावी. दांडा बाभळीचा किंवा धावड्याचा, गाठीविना, त्याचे रेषे पात्याच्या दिशेने गेलेले. पाचर घट्ट ठोकलेली हवी, कारण सुटलेले पाते पायावर येते.

हे सारे तपासू देणारा लोहार पालावर भेटला, तर त्याने सांगितलेल्या किमतीतून फार कमी करू नये. नवी कुऱ्हाड पहिल्या दिवशी ओल्या, मऊ लाकडावरच चालवावी आणि संध्याकाळी पाचर पुन्हा ठोकून पाहावी.