तण, औषध आणि डवरा

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांतील रोहिणखेडच्या शिवारांत मृगाच्या पावसानंतर कपाशी, सोयाबीन आणि तूर ओळीनें उगवतात. आणि त्यांच्याबरोबर, कोणीं न पेरतां, केना, लव्हाळा, हराळी आणि गाजरगवतही उगवतें. शहरांतील गृहस्थास तण ही क्षुद्र गोष्ट वाटते. परंतु त्याच्या अंगावरील सदऱ्याचा आणि पानांतील वरणाचा पहिला वैरी तेंच होय.

मजुरी वाढली, निंदणास बाया मिळेनाशा झाल्या, झड लागली कीं काळ्या रानांत डवरा चालत नाहीं. अशा वेळीं तणनाशकाचा पंप पाठीवर घेणाऱ्या शेतकऱ्यास कोण दोष देईल? दोष औषध वापरण्यांत नाहीं. दरवर्षीं एकाच औषधावर सर्व भार टाकण्यांत आहे.

तणास औषधाची संवय होते, असें लोक म्हणतात. तें खरें नव्हे. लाखों रोपांत एखादें उपजतच असें असतें, कीं तें त्या औषधानें मरत नाहीं. फवारणीनें त्याचीं भावंडें जळतात, तें एकटें उरतें आणि मोकळ्या रानांत बीं टाकतें. पुढील वर्षीं तेंच औषध मारलें, कीं त्याचीच संतति वाढते. शेतकरी नकळत त्या तणाचें बियाणें निवडीत असतो.

हरियाणांत भातामागून गहूं आणि गव्हावर तेंच तें आयसोप्रोट्युरॉन असा क्रम वर्षानुवर्षें चालला. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तेथील गुल्लीदंडा हें तण त्या औषधास जुमानीनासें झालें. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यांत 2005 च्या सुमारास राजगिऱ्याच्या कुळांतील एक तण ग्लायफोसेटला दाद देईनासें झालें, आणि यंत्रांच्या त्या देशांत कपाशी निंदण्यास पुन्हां मजूर लावावे लागले. तणनाशक सोसणाऱ्या कपाशीस आपल्याकडे सरकारी परवानगी नाहीं. तरी 2019 च्या जूनमध्यें अकोला जिल्ह्यांतील अकोली जहागीर येथें शेतकऱ्यांनीं ती उघडपणें पेरली. त्यांची अडचण खरी होती; पण असें बियाणें एकाच औषधाचा मोह वाढवितें, हेंही खरें.

मग करावें काय? पहिल्या पावसानें उगवलेलें तण वखरानें मोडून मग पेरणी करावी. सोयाबीनचे पहिले 30 ते 45 दिवस आणि कपाशीचे सुमारे 60 दिवस जपावे. त्या काळांत वाफसा येतांच डवरणी करावी. डवऱ्याच्या पात्यापुढें औषधास न बधणारें तणही टिकत नाहीं. लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीच्या काशा मात्र वेचून काढाव्या, कारण तुकडे झाले तरी त्या पुन्हां फुटतात. पिकांची फेरपालट करावी. धुरे स्वच्छ ठेवावे. शेणखत पुरतें कुजवूनच घालावें, नाहींतर त्यांतून तणाचें बीं शेतांत येतें. औषध लागलेंच, तर निराळ्या रीतीनें काम करणारीं औषधें आलटूनपालटून वापरावीं. आणि फवारणीनंतर उभें राहिलेलें एकेक रोप बीं धरण्यापूर्वीं हातानें उपटावें. कारण धोका त्या उरलेल्या रोपांतच असतो.

हें शेवटचें काम बहुधा बायाच करतात, दिवसभर कमरेंत वाकून. शहरांत कापडाची वा डाळीची किंमत देतांना त्यांच्या मजुरीचा विचार झाला, तर डवरा आणि निंदण हीं दोन्हीं शेतकऱ्यास परवडतील.